आज वारं कसं, पाणी कसं? पाण्याकाठी काम करणाऱ्या गटांसाठी रोजचा फलक



उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्या भागाकडे पुण्या-पिंपरीहून किती गाड्या येतात हे तुम्हाला सांगायला नको. हिंजवडीच्या कंपन्यांना शनिवार-रविवारची सुट्टी लागली की मुळशी धरणाचा परिसर, ताम्हिणीचा रस्ता, शेजारच्या मावळातला पवना जलाशय सगळीकडे तंबू, बोटी, चुली दिसायला लागतात. या गर्दीतून आपल्या बायांना काम मिळतं. कुणी पिठलं-भाकरीची ऑर्डर घेतं, कुणी तंबूवाल्यांना जेवण पुरवतं, कुणी चहा-भजीचा गाडा लावतं.

पण गेल्या काही बैठकांत एक प्रश्न सारखा येतोय. "पाहुणे आम्हालाच विचारतात, पाण्यात उतरलं तर चालेल का? बोट नेली तर चालेल का? आम्ही काय सांगायचं?"

प्रश्न रास्त आहे. पाहुणा शहरातून आलेला, त्याला इथलं काहीच माहीत नाही. बोटवाला बऱ्याचदा काठाच्या त्या टोकाला असतो. समोर दिसते ती जेवण वाढणारी ताई. तिनं "जा की, काय होतंय" म्हटलं तर तो जातो, आणि "आज नको" म्हटलं तर निदान थांबून विचार तरी करतो. म्हणून या अंकात आपण पाण्याकाठचा दिवस कसा वाचायचा ते समजून घेऊ. दोन गोष्टी बघायच्या आहेत: पाणी कुठून येतंय आणि वारं कधी सुटतंय.

कोलाडची नदी मुळशीच्या पाण्यावर पळते

ताम्हिणी घाट उतरून खाली गेलं की रायगड जिल्ह्यात रोहा तालुक्यात कोलाड लागतं. तिथं कुंडलिका नदीवर रबरी बोटीतून पाण्याच्या लाटांवरून जायचा खेळ चालतो. त्याला राफ्टिंग म्हणतात. मे महिन्यात आजूबाजूचे ओढे कोरडे पडलेले असतात, तरी कुंडलिकेला पाणी असतं. ते कुठून येतं?

ते येतं आपल्या मुळशीतून. सेनापती बापटांच्या पुढारपणाखाली १९२१ साली आपल्या मावळ्यांनी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, ते टाटांचं मुळशी धरण. मुळा नदी खरं तर पूर्वेला पुण्याकडे वाहते. पण धरणात अडवलेलं तिचं पाणी डोंगरातून पश्चिमेला वळवलंय. ते सह्याद्रीच्या कड्यावरून मोठ्या नळांतून खाली भिरा इथल्या वीजघरात पडतं, तिथली चाकं फिरवतं, वीज तयार करतं आणि पुढं कुंडलिकेत जातं.

वीजघरातून पाणी सुटलं की नदी भरते, बंद झालं की उतरते. हे साधारण सकाळी होतं. म्हणून कोलाडचं राफ्टिंगही सकाळचं. ज्या दिवशी पाणी सुटत नाही त्या दिवशी खेळ नाही. आभाळात ढग नाही, पावसाचा थेंब नाही, तरी नदी सकाळी एक आणि दुपारी एक. तिथं काम करणाऱ्या गाईडचा पहिला प्रश्न रोज एकच असतो: आज पाणी किती वाजता?

यातून आपण एक गोष्ट घ्यायची. नदी जिथं उभं राहून बघतो तिथं ठरत नाही. ती वर कुठंतरी ठरते आणि मग आपल्यापर्यंत येते. म्हणून समोरचं पाणी शांत दिसतंय एवढ्यावर कुणाला "जा" म्हणायचं नाही.

एकच धरण, दोन बाजू

आता पूर्वेकडची बाजू बघू. मुळशी धरणाच्या खाली मुळा नदीत एरवी धरणाचं पाणी फारसं येत नाही. पण पावसाळ्यात धरण भरत आलं की दरवाजे उघडतात आणि तेच पाणी मुळेत येतं. पवना धरणाचंही तसंच. त्या धरणातून सोडलेल्या पाण्यावर पिंपरी-चिंचवड शहर जगतं, म्हणून नदीत थोडं पाणी बाराही महिने असतं. पावसाळ्यात धरण भरलं की मात्र विसर्ग वाढतो.

"विसर्ग एवढे क्यूसेक" असं बातम्यांत ऐकतो, पण ते म्हणजे किती? एक क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला एक घनफूट, म्हणजे साधारण २८ लिटर पाणी. आपल्या दोन हंड्यांएवढं समजा. १,००० क्यूसेक म्हणजे दर सेकंदाला २८ हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर धरला, तर "एक" म्हणेपर्यंत जवळजवळ तीन टँकर तुमच्या समोरून गेले.

२५ जुलै २०२४ ला खडकवासल्यातून मुठा नदीत ३५ हजार क्यूसेकच्या आसपास पाणी सोडलं होतं. म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर टँकर. त्या दिवशी पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत घरांत पाणी शिरलं. हा आकडा लक्षात ठेवला की पुढच्या वेळी "५ हजार क्यूसेक" ऐकलं तरी ते थोडं वाटणार नाही.

पाणी वाढतंय हे काठावर कसं ओळखायचं?

- पाण्याचा रंग बदलतो. नितळ पाणी गढूळ, चहासारखं होतं.
- काटक्या, पालापाचोळा, फेस वाहत येतो.
- आवाज बदलतो. खळखळ जाऊन घुमल्यासारखा आवाज येतो.
- मघाशी कोरडा असलेला दगड ओला होतो.

शेवटच्या खुणेसाठी एक सोपं काम करा. काठावर पाण्याच्या कडेला एक काठी ठोका किंवा एका दगडावर चुन्याची रेघ मारा. दर अर्ध्या तासाला नजर टाका. रेघ बुडाली की सगळ्यांना वर बोलवा. कशामुळे बुडाली ते नंतर बघू.

लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात ३० जून २०२४ ला, रविवारी, एकाच कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. त्यात लहान मुलं होती. ते सगळे प्रवाहाच्या मध्ये उभे होते, पाणी वाढलं आणि काठावर यायला वाट राहिली नाही. डोंगरातल्या ओढ्याला धरणाचा दरवाजा नसतो आणि भोंगाही नसतो. वरच्या माथ्यावर सर आली की काही मिनिटांत पाणी खाली येतं. खाली तेव्हा ऊनसुद्धा पडलेलं असू शकतं.

दुपारी वारं का सुटतं?

आता वाऱ्याकडे येऊ. वारं ओळखायला तुम्हाला कुणी शिकवायची गरज नाही. भात उपणताना सूप कुठल्या अंगाला धरायचं, वारं पडलं की थांबायचं, उलटं फिरलं की जागा बदलायची, हे सगळं तुम्ही करत आलाय. तीच नजर पाण्यावर वापरायची आहे.

उन्हाळ्यात सकाळी जलाशय आरशासारखा असतो आणि दुपारी त्याच पाण्यावर लाटा येतात. असं का? रात्री जमीन थंड होते. तिच्या लगतची हवाही थंड आणि जड होऊन खाली बसून राहते. वर वारं असलं तरी ते खाली पोचत नाही. सकाळी ऊन चढलं की जमीन तव्यासारखी तापते. तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जायला लागते. पातेल्यात दूध तापवताना खालचं वर आणि वरचं खाली होतं ना, तसं हवेचं होतं. वरचं जोराचं वारं या ढवळण्यात खाली उतरतं. म्हणून अकरा-बाराच्या पुढं वारं वाढत जातं.

दुसरं कारण समुद्र. कोकणची जमीन तापली की समुद्रावरची थंड हवा आत शिरते. शाळेत शिकलो ते खारे वारे हेच. उन्हाळ्यात ते घाटाच्या खिंडींतून वर चढून संध्याकाळकडे आपल्या बाजूलाही पोचतात. म्हणून आपल्याकडे उन्हाळ्यातलं दुपार-संध्याकाळचं वारं बहुतेक पश्चिमेचं असतं.

पाण्यावर वारं जास्त का जाणवतं? कारण तिथं त्याला अडवायला झाड नाही, घर नाही, बांध नाही. जितकं लांब मोकळं पाणी, तितकी लाट मोठी. इथं एक फसवी जागा आहे. वारं जर आपल्या पाठीमागून, काठाकडून आत पाण्याकडे जात असेल, तर काठावर झाडी आणि टेकडीच्या आडोशाला पाणी शांत दिसतं. पाहुणा छोटी बोट घेऊन निघतो, आत जाणं सोपं वाटतं. मध्यावर पोचला की आडोसा संपतो आणि वारं त्याला पलीकडे ढकलत नेतं. परत यायला वाऱ्याच्या तोंडावर वल्हवावं लागतं आणि हात भरून येतात. रबरी हलकी बोट, फुगवलेली ट्यूब, पोरांचे रंगीत फुगे यांना तर वारं कागदासारखं नेतं.

म्हणून काठावर उभं राहून आधी बघा: वारं आपल्याकडे येतंय की आपल्याकडून आत जातंय? आत जात असेल तर ट्यूब आणि हलक्या बोटी बंद.

वल्हवण्याच्या शर्यतीचे खेळाडू सरावाला भल्या पहाटे का उतरतात, त्याचं कारणही हेच सपाट पाणी. नाशिक जिल्ह्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ विहिरी खोदणाऱ्या घरातला मुलगा. सैन्यात गेला, पुण्यात वल्हवण्याचं शिक्षण घेतलं आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेराव्या क्रमांकावर आला. एवढा तयार गडी असला तरी सरावाची वेळ पाणी बघून ठरते. मग रविवारी पहिल्यांदा वल्हं हातात धरणाऱ्या पाहुण्यानं वेळ बघायला काय हरकत आहे?

धूर, डहाळी, छत्री: वाऱ्याचं माप

वाऱ्याचा वेग मोजायचं यंत्र आपल्याकडे नाही, पण डोळ्यांनी माप घेता येतं. दोनशे वर्षांपूर्वी ब्यूफर्ट नावाच्या एका आरमारी अधिकाऱ्यानं वाऱ्याच्या पायऱ्या ठरवल्या. आज जगभर हवामान खाती त्या वापरतात. आपल्या कामापुरत्या पायऱ्या खाली देते. वेग ताशी किलोमीटरमध्ये आहे. प्रत्येक पायरीवर काय करायचं, ते मी आपल्या गटांसाठी सुचवलेलं आहे.

पहिली: चुलीचा धूर सरळ वर जातो किंवा थोडासा कलतो. वेग ५ पर्यंत. पाणी सपाट. बोटी चालू.

दुसरी: चेहऱ्याला वारं लागतं, पानं सळसळतात. ६ ते ११. पाण्यावर बारीक लहरी. बोटी चालू, सगळ्यांना लाइफ जॅकेट.

तिसरी: पानं आणि बारीक डहाळ्या सारख्या हलतात, हलकं निशाण फडफडतं. १२ ते १९. लाटांवर कुठं कुठं पांढरी टोकं दिसतात. नवशिक्यांनी काठ सोडायचा नाही. ट्यूब बंद.

चौथी: धूळ आणि कागद उडतात, लहान फांद्या हलतात. २० ते २८. पाण्यावर बऱ्याच ठिकाणी पांढरा फेस. छोट्या बोटी बंद. चुलीला आडोसा करा, ठिणग्या तंबूकडे जात नाहीत ना ते बघा.

पाचवी: लहान झाडं डोलतात. २९ ते ३८. पाण्यातलं सगळं बंद. तंबूचे दोर तपासा.

सहावी: मोठ्या फांद्या हलतात, छत्री धरवत नाही, तारा वाजतात. ३९ ते ४९. तंबू रिकामे करा, माणसं पक्क्या छपराखाली आणा.

एक हिशोब पाठ करून ठेवा: वारं दुप्पट झालं की त्याचा जोर चौपट होतो. १५ चं वारं ३० झालं, तर तंबूवर बसणारा धक्का दुप्पट नाही, चार पट असतो. मघाशी टिकलेला तंबू आता का उडाला, याचं उत्तर यात आहे.

वळवाचं वारं वेगळं

एप्रिल-मेमधला वळीव सगळ्यात फसवा. दिवसभर उकाडा, वारं पडलेलं. दुपारनंतर एका बाजूला काळा ढग चढतो. मग एकदम गार वारं येतं, धूळ उठते, दिशा फिरते. पाऊस त्याच्या मागून येतो. हे गार वारं म्हणजे ढगातून खाली कोसळलेली थंड हवा. ती जमिनीवर आपटून चहूकडे पसरते. त्यामुळे ढग अजून लांब असतानाच वारं येऊन पोचतं. पाण्यातल्या माणसाला काठाला यायला वेळ राहत नाही.

म्हणून वळवाच्या दिवसात पावसाची वाट बघायची नाही. काळा ढग दिसला, गार झुळूक लागली की लगेच सगळ्यांना बाहेर काढायचं.

विजेचं माप असं: वीज चमकली की मोजायला लागा. तीस मोजायच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जा, नाहीतर काचा बंद केलेल्या चारचाकीत बसा. एकट्या झाडाखाली, तंबूत, पाण्यात थांबायचं नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास जाऊ द्या, मगच बाहेर.

फोनवर काय बघायचं

सकाळी पाच मिनिटं पुरतात. गटातल्या ज्या ताईकडे स्मार्टफोन आहे तिनं हे करायचं.

एक, हवामान विभागाचा रंग. हिरवा म्हणजे इशारा नाही. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा. केशरी म्हणजे तयारीत राहा. लाल म्हणजे कृती करा, थांबू नका. हवामान विभाग पुण्याच्या घाटमाथ्याचा इशारा वेगळा देतो. आपण "पुणे शहर" बघायचं नाही, "पुणे घाट" बघायचं. शहरात पिवळा असताना घाटात लाल असू शकतो, आणि आपल्या नद्या घाटातून येतात.

दोन, "दामिनी" ॲप. पुण्यातल्याच आयआयटीएम संस्थेनं ते विजेसाठी तयार केलंय. तुम्ही उभ्या आहात तिथून २० ते ४० किलोमीटरमध्ये वीज पडण्याची शक्यता ते दाखवतं.

तीन, धरणाचा विसर्ग. जलसंपदा विभागाची सूचना ग्रामपंचायत, तलाठी, पोलीस पाटील यांच्याकडे येते. गटाच्या एका ताईनं पोलीस पाटलांना सांगून ठेवायचं, सूचना आली की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

फोनवर सगळं ठीक दिसलं तरी समोरचं आभाळ आणि काठावरची रेघ बघायचं सोडू नका. अंदाज जिल्ह्याचा असतो, आपण एका काठावर असतो.

फलक कसा लिहायचा

एक काळी फळी किंवा पांढरा पत्रा घ्या. जिथं पाहुणा गाडी लावतो तिथं टांगा. सकाळी आठला, दुपारी बाराला आणि चारला लिहायचं. नमुना असा:

वेळ: दुपारी १२
वारं: तिसरी पायरी, पश्चिमेकडून
पाणी: रेघेच्या खाली, नितळ
आभाळ: मोकळं, घाटाकडे ढग
इशारा: पिवळा
निर्णय: ट्यूब बंद. बोट फक्त काठाने. चारनंतर सगळं बंद.
लिहिणार: आजच्या जबाबदार ताईचं नाव

सगळ्यात महत्त्वाची ओळ निर्णयाची. बाकीच्या ओळी तिचं कारण सांगतात. पाहुणा वाद घालायला लागला की फलकाकडे बोट दाखवायचं. हे एका बाईचं मत नाही, हा इथला नियम आहे, हे त्याला दिसलं पाहिजे.

जबाबदारी आठवड्याला बदलायची. अंधार पडल्यावर आणि दारू प्यालेल्या माणसाला पाणी बंद, हे फलकाच्या खाली कायमचं रंगवून टाका. काठावर एक लांब दोर ठेवा, त्याच्या टोकाला झाकण घट्ट लावलेला रिकामा पाच लिटरचा कॅन बांधा. कुणी बुडत असेल तर आपण उडी मारायची नाही. कॅन फेकायचा आणि ओढायचं. ११२ आणि १०८ हे नंबर फलकावर लिहा.

"आज बंद" म्हटलं तर पैसे कुठून येणार?

खरी अडचण इथं आहे, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. समजा रविवारी वीस पाहुण्यांची ऑर्डर आहे, ताटाला अडीचशे रुपये. पाच हजारांचं काम. सामान भरलंय, गटाचं अंतर्गत कर्ज घेतलंय, हप्ता डोक्यावर आहे. अशा वेळी एकट्या ताईनं "आज पाण्यात नको" म्हणायचं आणि पाहुणे निघून गेले तर नुकसान तिचं. असं असेल तर ती "जा की" म्हणणार. तिला दोष देता येणार नाही.

म्हणून हा निर्णय एकीवर टाकायचा नाही. गटाच्या बैठकीत ठराव घ्या आणि इतिवृत्तात लिहा. ठरावात चार मुद्दे ठेवता येतील.

पहिला: फलकावर "बंद" असेल तर गटातली कुणीही पाहुण्याला पाण्याकडे पाठवणार नाही, आणि जिनं थांबवलं तिला कुणी बोल लावणार नाही.

दुसरा: पाणी बंद, पण जेवण चालू. ऑर्डर घेतानाच सांगायचं की आमची ऑर्डर जेवणाची आहे, बोटीची नाही. आगाऊ रक्कम घ्यायची. हवामानामुळे पाहुणा आलाच नाही तर ती रक्कम परत न करता पुढच्या तारखेला वळवायची.

तिसरा: बंदच्या दिवसासाठी दुसरं काहीतरी हातात ठेवायचं. नाचणीची भाकरी चुलीवर थापायला शिकवणं, शिवारफेरी, रानभाज्यांची ओळख, मसाले-पापडांची विक्री. पाण्यात न उतरता दोन तास घालवायला शहरातल्या माणसाला हे आवडतं.

चौथा: प्रत्येक ऑर्डरमागे थोडी रक्कम वेगळी काढून "बंद दिवस निधी" ठेवायचा. बंदमुळे जिचं सामान वाया गेलं तिला त्यातून भरपाई द्यायची.

बोटी स्वतः चालवायचा विचार काही गट करतायत. त्यांनी लक्षात ठेवा, राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणे अशा खेळांसाठी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी लागते. दुसऱ्याच्या बोटीशी जोडून काम करत असाल तर त्याची नोंदणी आहे का, जॅकेट पुरेशी आणि मुलांच्या मापाची आहेत का, हे आधी विचारा. आणि ज्यांना जेवण, निवास असा धंदा वाढवायचाय त्यांच्यासाठी २०२३ पासून "आई" हे महिलांसाठीचं पर्यटन धोरण आहे. त्यात कर्जाच्या व्याजाचा परतावा मिळतो. माहितीसाठी सीआरपी ताईंकडे नाव द्या.

जांब्यासारख्या गावांनी काय करायचं?

जांबे, मारुंजी, नेरे या बाजूच्या ताया म्हणतील, आमच्याकडे ना बोटी ना तंबू. पण आपली पोरं सुट्टीत नदीवर जातातच. मोटारसायकलवर तिघं बसून धरणावर जातात आणि घरी सांगतात "इथंच आहे". त्यांना नुसतं "जाऊ नको" म्हटलं तर ती न सांगता जातील. त्यापेक्षा जाण्याआधी तीन प्रश्न विचारायची सवय लावा. घाटाचा रंग कोणता? धरणातून पाणी सुटलंय का? किती वाजता परत? पोरगं उत्तर शोधायला फोन उघडेल, आणि तेवढ्यातच अर्धं काम झालं.

हिंजवडीच्या सोसायट्यांत घरकामाला किंवा डबे द्यायला जाणाऱ्या तायाही हे सांगू शकतात. "वहिनी, रविवारी धरणावर चाललाय? दुपारच्या आत परत फिरा, वारं सुटतं." घाटातलं ज्ञान शहरात पोचवायला आपल्याएवढा जवळचा माणूस दुसरा नाही.

पुढच्या बैठकीपर्यंत

मृग लागायला थोडेच दिवस राहिलेत. पाण्याकाठी काम करणाऱ्या प्रत्येक गटानं तोवर फलक टांगावा, रेघ मारावी आणि वरचा ठराव चर्चेला घ्यावा. बाकी गटांनी आठ दिवस रोज तीन वेळा वाऱ्याची पायरी वहीत लिहावी: सकाळी आठ, दुपारी बारा, दुपारी चार. ग्रामसंघाच्या बैठकीत सगळ्यांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवू. आपल्या खोऱ्यात वारं नेमकं किती वाजता सुटतं, कुठं आधी आणि कुठं नंतर, हे त्यातून कळेल. त्या माहितीवर प्रत्येक काठाची बंद करायची वेळ ठरवू आणि फलकावर रंगाने लिहून टाकू.